तिवसा मुक्कामी मयत

अमरावती, ता. ९ डिसेंबर १८६४

उत्तम,

तुला तुझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे मेलेल्या माणसाचा, आशीर्वाद.

दचकल्याचं नाटक करू नकोस. मी जिवंत आहे हे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे. मी मेलो हे मलाच उशिरा कळलं. परवा इथल्या कापसाच्या बाजारात आपल्याकडचा कापूस वाहणारा पुंजाराम गाडीवान भेटला. मला पाहताच बैलांच्या आड झाला. मग हळूच डोकावून त्याने माझे पाय बघितले, सरळ आहेत की उलटे. खात्री पटल्यावर म्हणाला, "देवीदासभाऊ, तुमी जित्ते हाय? मंग मी अकोल्याले तेरवी कोनाची जेवलो?" मी विचारलं, जेवायला काय होतं. "रोडगे अन वांग्याची भाजी. भाजी लय झकास झाल्ती." वांगी आपल्याच मळ्यातली असणार. मीच लावलेली.

पुंजारामला कडुनिंबाखाली बसवून सगळं काढून घेतलं. नागपूरच्या वाटेवर तिवसा मुक्कामी देवीदास पटकीने मेला असं तू जातीत सांगितलंस. दहावा केलास, तेरवी केलीस. माणिकच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. जिवंत माणसाची बायको तू विधवा केलीस, उत्तम, आणि वर पंगत वाढलीस.

असं का केलंस ते मला समजतं. मी पाद्रीसाहेबांच्या मागे गेलो ही बातमी फुटली असती तर तुला जातीने वाळीत टाकलं असतं. ख्रिस्ती माणसाचा भाऊ कोणाला चालत नाही, मेलेल्या माणसाचा भाऊ सगळ्यांना चालतो. बुद्धी तुला लहानपणापासून आहे, ती कुठे वापरायची एवढंच कळलं नाही.

माझं सांगतो. दोन वर्षं नागपुरास होतो. तिथे बाप्तिस्मा घेतला. चाळिशीला टेकल्यावर अक्षर शिकलो. माळ्याच्या सात पिढ्यांत कोणी शिकलं नसेल. दिवाळीनंतर साहेबांबरोबर इथे मिशनच्या बंगल्यावर आलो. बागेत भाजी लावतो आणि बाजाराच्या दिवशी गाड्यांच्या रांगेशी उभा राहून लोकांना प्रभू येशूचं सांगतो. हमाल मुठी भरून सरकी फेकतात. मी बोलतच राहतो. या कापसाने सगळ्यांना झोप लागली आहे. कोणी गाडीच्या चाकाला चांदी मढवतो, कोणी कापसात पाणी घालतो आणि देवळात जाऊन हात जोडतो. तुझंही कळलं मला. मळ्यातली शेवंती, झेंडू, मेथी उपटून थेट विहिरीच्या काठापर्यंत कापूस पेरलास. गावोगावचा कापूस घेतोस, अंगणात पसरून त्याला दव खाऊ घालतोस आणि वरून पाण्याचे हबके मारतोस, वजनात भरावा म्हणून. जागा हो, उत्तम. ज्याच्यापुढे एक दिवस उभं राहायचं आहे त्याला ओला कापूस आणि कोरडा कापूस हात न लावता कळतो.

माझं मागणं एकच आहे. माणिकच्या कपाळी कुंकू लाव. जातीला सांग की मी जिवंत आहे. पुढचं माझं मी बघेन.

हे पत्र तू कापसाच्या प्रेसमधल्या वामनराव कारकुनांकडून वाचून घेशील. वामनराव, तुम्हाला नमस्कार. तुम्ही भले गृहस्थ आहात. मात्र वाचताना आवाज जरा बेताचा ठेवा.

तुझा भाऊ,
देवीदास


अमरावती, ता. २२ जानेवारी १८६५

उत्तम,

तुझं उत्तर पोचलं. अक्षर वामनरावांचं, पण बोलणं तुझंच. त्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं आहे. "भाऊ, पाया पडतो. जमुनाचं लगन फागुनात ठरलं. अचलपूरच्या महादेवरावाच्या पोराशी, घरंदाज मानसं हाय. बाप मेला म्हनूनच हो म्हटलं त्याईनं. तुले लिवाचं असन तं लिव, पन खाली नाव दुसरं टाक. मामा टाक, सोयरा टाक. येवढं लगन होऊन जाऊ दे."

वाचता वाचता मला तू लहान असतानाचा दिसलास, पाटाच्या पाण्यात पाय सोडून रडणारा. पण दुसरं नाव मी टाकणार नाही.

देवीदास हे नाव आईने ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी साहेबांनी बदलायचं का विचारलं, तेव्हाही मी नको म्हटलं. देवासमोर जे बदललं नाही ते तुझ्या सोयऱ्यांसाठी बदलू? तू मला सांगतोस की मी माझ्याच पोरीचा मामा व्हावं. अरे, खोटं सोडायचं म्हणून तर मी घर सोडलं. मी साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "देवीदास, खोट्याच्या पायावर पोरीचं घर किती दिवस उभं राहील?" मला हेच ऐकायचं होतं.

लग्न होऊ दे. मी येणार नाही, अडवणार नाही. पण माझ्या मरणाला माझी कबुली मागू नकोस.

मी घर का सोडलं हे माणिक अजून विचारते असं तू लिहितोस. तिला सांग, खुशाल गेल्यावर माझं मन कशातच राहिलं नाही. चार वर्षांचं लेकरू एका दिवसात पटकीने जातं, मग बापाने कुठे बघावं? त्या दिवसांत साहेब अकोल्यात आले होते. त्यांचं बोलणं ऐकलं आणि उठून त्यांच्या मागे गेलो. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

कापसाचं काय केलंस? त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस.

देवीदास


अमरावती, ता. ३ एप्रिल १८६५

उत्तम,

लग्न झाल्याचं पुंजारामकडून समजलं. वऱ्हाड त्याच्याच गाडीतून आलं म्हणे. नवरा मुलगा सरळ आहे, चेहऱ्यावर हसू आहे. जमुना चौदाची झाली म्हणून चार दिवसांत तिला नांदायलाही नेली. वाटेत तिने पुंजारामला विचारलं, "काका, अचलपूरची इहीर गोडी हाय का खारी?" माळ्याची पोर, दुसरं काय विचारणार. मी हे त्याच्याकडून तीनदा सांगून घेतलं. तिसऱ्यांदा तो वैतागला.

पण त्याने आणखी एक सांगितलं. हळदीच्या वेळी माणिक दाराआड उभी होती. पोटच्या पोरीला हळद लावायची तिला मनाई. सवाष्णी आत-बाहेर करत होत्या आणि ती फटीतून बघत होती. जमुनाने एकदा मान वळवून दाराकडे पाहिलं, तर कोणीतरी तिची हनुवटी धरून सरळ केली.

उत्तम, माझा नवरेपणा, बापपणा तू घेतलास, ते मी सोसलं. पण ती बाई नवरा जिवंत असताना दाराआड उभी राहते आणि मी बाजारात उभा राहून जगाला सांगतो की उजेडात या. मला माझीच लाज वाटली.

म्हणून मी अचलपूरला महादेवरावांना पत्र लिहिलं आहे. परवाच्या टपालाने गेलं. स्पष्ट लिहिलं की मी जमुनेचा बाप, जिवंत आहे, ख्रिस्ती झालो आहे. माझ्या भावाने भीतीपोटी खोटं सांगितलं, त्यात पोरीचा काडीचा दोष नाही. खाली माझं नाव लिहिलं. तू शिव्या देशील. दे. मी हे खरेपणासाठी केलं. ते घरंदाज आहेत असं तूच म्हणतोस, मग घरंदाज माणसं खऱ्याला घाबरत नसतात.

पत्राच्या शेवटी असंही लिहिलं की त्यांची हरकत नसेल तर एकदा येऊन पोरीला लांबून पाहून जाईन. हे तुला सांगायला नको होतं, पण लपवणंही बरं नाही.

साहेबांनी पत्र पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मी बाजारात इतका चांगला बोललो की एक म्हातारा आपले बैल सोडून माझ्यासमोर येऊन बसला. किती दिवसांनी माझ्यात असं बळ आलं होतं.

देवीदास


अमरावती, ता. १९ जुलै १८६५

उत्तम,

तुझं पत्र आलं नाही आणि का आलं नाही ते आज कळलं. रस्ते चिखलाने बंद होते, म्हणून पुंजाराम दीड महिन्याने उगवला. गाडी सोडण्याआधीच म्हणाला, "भाऊ, काय करून बसले तुमी?"

महादेवराव स्वतः जमुनेला घेऊन अकोल्याला आले. मळ्याच्या बांधावरच तिला उतरवलं. तुझ्या घरचं पाणीही घेतलं नाही. पंचांनी सांगितलं होतं, बाटलेल्याची पोर घरात ठेवाल तर तुमच्या चुलीला कोणी शिवणार नाही. पुंजाराम म्हणाला, ती उतरली तेव्हा रडली नाही, गाठोडं छातीशी धरून उभी राहिली. आता शेताच्या कडेला माणिकने राखलेल्या दोन वाफ्यांतली वांगी तोडते.

तीन महिने नांदली माझी पोर. एकाही दिवशी तिची सासू तिच्यावर ओरडली नव्हती म्हणे.

मी साहेबांकडे गेलो. त्यांचे डोळे भरून आले, ते मनाने मोठे आहेत. म्हणाले, "तू खरं सांगितलंस. परिणाम देवाच्या हाती." मी म्हटलं, साहेब, परिणाम जमुनेच्या पदरात पडला. खरं बोललो मी आणि घराबाहेर ती निघाली. ते गुडघ्यावर बसून माझ्यासाठी प्रार्थना करू लागले. मी शेजारी बसलो आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडून आमेन निघालं नाही.

बाजाराच्या दिवशी नेहमीच्या जागी उभा राहिलो. जागे व्हा, एवढं म्हणालो. पुढे शब्द येईनात. एक हमाल म्हणाला, "काहून रे, आज गाडी अडली?" सगळे हसले. त्यानंतर मी गेलो नाही.

कापसाचा भाव पडल्याचं ऐकलं. विलायतेपलीकडच्या कापूसवाल्या मुलखातली लढाई संपली म्हणे. तुझ्या ओल्या कापसाबद्दल तुला दोन शब्द टोचावेत असं इतके महिने माझ्या मनात होतं. आज तेही उरलं नाही. तू खोटं बोललास आणि पोरीचं घर झालं. मी खरं बोललो आणि ते मोडलं. उत्तम, मला समजावून सांग. तू धाकटा आहेस, पण मला समजावून सांग.

माणिक काय म्हणते? ती मला जे काही म्हणाली असेल ते शब्द न गाळता लिही.

देवीदास


अमरावती, ता. ६ सप्टेंबर १८६५

वामनराव,

हे पत्र उत्तमला नको. माणिकबाईला एकटीला वाचून दाखवा. विहिरीकडे बसवून वाचा, जमुना जवळ नसताना. तुम्हाला त्रास देतो आहे, पण अकोल्यात मला दुसरं कोणी नाही.

माणिक,

तुझा निरोप पोचला. वामनरावांनी एकच ओळ लिहिली आहे. "त्याईले म्हना, खुशालच्या येळी खरं काहून नाही बोलले?"

म्हणजे तुला ठाऊक होतं. तीन वर्षं ठाऊक होतं आणि तू कोणाला बोलली नाहीस.

तरी मला लिहू दे. तू जाणतेस म्हणून माझं सांगणं टळत नाही. त्या सकाळी खुशालला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तू मला शहरात हकिमाकडे पिटाळलंस, पळत जा म्हणालीस. मी पळत निघालो. वाटेत कलालाचं दारूचं दुकान लागतं. पोराची ती अवस्था बघून माझे हात कापत होते. एक घोट घेतो, हात थांबतील, मग जातो, असं मनात आलं. एका घोटावर मी कधी थांबलो होतो? ऊन कलल्यावर उठलो आणि हकिमाकडे न जाता तसाच परत आलो. दारात तू विचारलंस, हकीम कुठे आहे. मी म्हणालो, घरी नव्हते, गावाला गेलेत. खुशाल तुझ्या मांडीवर होता. त्याचे ओठ वाळले होते. दिवे लागायच्या आत तो गेला.

हकीम त्या दिवशी घरीच होते. तुला पुढे कोणीतरी सांगितलं असेल.

माझ्यामुळेच गेला असं म्हणावं का, मला कळत नाही. त्या साथीत हकीम असूनही कितीतरी गेले. पण हा हिशेब माझ्या बाजूने मांडायचा मला अधिकार नाही. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी साहेबांच्या मागे गेलो. देवाने बोलावलं हे खोटं नाही, माणिक. त्या दिवसांत कोणीतरी मला खरोखर हाक मारली होती आणि मी खरोखर दारू सोडली. आजपर्यंत थेंब घेतला नाही. पण बाप्तिस्म्याच्या आधी पापं सांगायची असतात, तेव्हा मी म्हणालो, दारू पीत होतो. हकिमाचं सांगितलं नाही. देवाची क्षमा घाईघाईने पदरात पाडून घेतली आणि जिची मागायची होती तिला अकोल्यात सोडून आलो.

मग अक्षर शिकलो आणि दुसऱ्यांचं खोटं उकरत बसलो. उत्तमचा कापूस ओला, उत्तमची तेरवी खोटी. महादेवरावांना पत्र लिहिताना वाटलं की मी उजेडात उभा आहे. खरं तर मला जिवंत व्हायचं होतं. पोरीने मला बाप म्हणावं, एवढीच भूक होती. त्या भुकेला मी खरेपणाचं नाव दिलं.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मला तेही घाईत उरकायचं नाही.

देवीदास


अमरावती, ता. ११ नोव्हेंबर १८६५

उत्तम,

पुंजारामने तुझा आणि महादेवरावांचा निरोप आणला. महादेवराव त्याला म्हणाले, "पोरगी गुनाची हाय. माहा पोरगा धड जेवत नाही, तिचंच नाव घेते. पन मले पंचायले कागद दाखवा लागते. बंगल्यावरच्या कोन्या मानसानं लिवून देल्लं का देवीदास तवाच मेला, अन ते पत्र कोन्या बदमाशानं लिवलं, तं मी आजच पोरीले घेऊन जातो." ते भोळे नाहीत. त्यांना खरं काय ते ठाऊक आहे. पंचांनाही असेल. सगळ्यांना फक्त एक कागद हवा आहे. तो मीच लिहू शकतो.

तो लिहिला आहे, या पत्रासोबत आहे. तू तो अचलपूरला पोचव. माझं अक्षर महादेवरावांच्या घरी आहे, म्हणून डाव्या हाताने लिहिला. तीन कागद वाया गेले. खाली नत्थुजी नावाच्या चौकीदाराची सही आहे. बंगल्यावर असा कोणी नाही.

साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं, आणि त्यांचं बरोबर असतं. त्यांनी मला जे शिकवलं त्यात एक अक्षर चुकीचं नाही, हे तू लक्षात ठेव. खोटं ते खोटंच. या कागदाला मी दुसरं नाव देत नाही. हे मी जागेपणी, शुद्धीत, पाप आहे हे जाणून करतो आहे.

त्यात एक ओळ आहे, ती लिहायला मला दोन दिवस लागले. मी ख्रिस्ती झालो नव्हतो, अशी ती ओळ आहे. तीच नसेल तर पोरीचं बाटलेपण जात नाही. मी मेलो हे लिहिताना हात थांबला नाही. तिथे थांबला. ज्या प्रभूने मला कलालाच्या दुकानातून उचलून आणलं, त्याला मी ओळखतच नाही असं मी लिहून दिलं आहे. आता त्याने मला ओळखावं असं कोणत्या तोंडाने म्हणू? रोज सकाळी गुडघ्यावर बसतो. शब्द काही येत नाहीत. तो आहे, यात शंका नाही. माझ्याकडे बघत नाही, एवढंच.

माणिकला माझ्या हाताने विधवा करतो आहे. तू केलं होतंस तेव्हा मी तुझ्यावर किती तोंडसुख घेतलं. तिला सांगायला माझ्याजवळ काही नाही. तिने विहिरीवर ते पत्र पुरतं ऐकलं आणि वामनरावांना पाणी प्यायला दिलं, एवढं त्यांनी मला कळवलं. तेवढ्यावर मी जगेन.

उद्या पहाटे मी इथून जातो. मेलेल्या माणसाने बाजारात उभं राहायचं नसतं. कुठे जाणार ते ठरवलं नाही आणि ठरलं तरी लिहिणार नाही. माझ्या नावाने कधी पत्र आलं तर ते माझं नाही असं समज आणि न वाचता चुलीत टाक. आधीची सगळी आजच टाक. वामनराव, हे काम तुम्ही स्वतः करा. उत्तमकडून होणार नाही, तो हळवा आहे.

उत्तम, तुला जागा हो म्हणायला मला आता तोंड नाही. तरी म्हणतो. दारू आणि पाण्याचे हबके, दोन्हींचं एकच असतं. पहिल्यांदा हात कापतो, मग कापत नाही. हात कापतो आहे तोवर सोड. आणि कधी कोणासमोर कबूल करायची वेळ आली तर आधी घरच्या माणसासमोर कर. देव थांबतो, घरची माणसं किती थांबतील सांगता येत नाही.

जमुनेला काहीही सांगू नकोस. तिला गाडीत बसव.

तुझा भाऊ


(सोबतचा कागद)

मुक्काम अमरावती, ता. ११ नोव्हेंबर १८६५

राजश्री महादेवराव, मुक्काम अचलपूर, यांस बंगल्यावरील चौकीदार नत्थुजी याचा रामराम.

आपले माणूस चौकशीस आले, त्यावरून खरी हकीकत लिहून देतो. अकोल्याचा देवीदास माळी हा सन १८६२ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या वाटेवर माझ्यासोबत होता. तिवसा मुक्कामी त्यास पटकी झाली व दुसरे दिवशी तो मयत झाला. मी व आणखी दोघांनी त्याचे दहन केले. राख नदीत सोडली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तो ख्रिस्ती झालेला नव्हता. पाद्रीसाहेबांशी त्याचा संबंध नव्हता. शेवटी त्याने आपल्याच देवाचे नाव घेतले.

चैत्रात आपणांस त्याच्या नावाने जे पत्र आले ते येथील एका दारुड्या व लबाड इसमाने लिहिले होते. त्यास अक्षर येत असल्याने असे उद्योग करीत असे. तो येथून निघून गेला आहे, परत येणार नाही. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

मयत देवीदास वाटेत घरच्यांविषयी काही बोलला नाही. त्यास मुलगी होती हे आपल्या माणसाकडून प्रथमच ऐकले.

नत्थुजी, चौकीदार